बोनसच्या शीटमधलं गुंतलेलं इफ: कुणाला शून्य, कुणाला ‘फॉल्स’, असं का होतं आणि ते कसं सोडवायचं

दिवाळी महिन्यावर आली की पगारपत्रकाचं काम करणाऱ्यांकडून एकच तक्रार दरवर्षी ऐकू येते. एक्सेलमधलं बोनसचं सूत्र गेल्या वर्षी चाललं होतं, यंदा त्याच शीटमध्ये नवे आकडे भरले आणि चार-पाच नावांपुढे शून्य आलं. एकाच्या सेलमध्ये ‘फॉल्स’ (म्हणजे ‘खोटं’) असा शब्द उमटला. सगळ्यांना एकच रक्कम आली, किंवा पहिली ओळ बरोबर आणि खाली सगळा गोंधळ. मग कोणीतरी सूत्रात आणखी एक इफ (‘अट खरी असेल तर हे, नाहीतर ते’ असं सांगणारं फंक्शन) घुसवतं, आकडा हवा तसा दिसतो, आणि पुढच्या वर्षी नव्याने सुरुवात.

चुकीच्या शून्यामागे एका माणसाचा हक्काचा पैसा असतो, म्हणून हे नीट लिहून काढतोय. सूत्र बहुतेक वेळा व्याकरणात चुकलेलं नसतंच. ते प्रश्न चुकीच्या क्रमाने विचारतं, किंवा कायदा विचारतो तो प्रश्न विचारतच नाही.

एक सूचना आधीच देतो. खाली सूत्रं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. शीटमध्ये टाइप करताना फंक्शनचं नाव, कॉलमचं अक्षर आणि आकडे इंग्रजीतच टाका. काही संगणकांवर प्रादेशिक सेटिंगमुळे स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो. सूत्र एंटरलाच अडत असेल तर आधी तेवढं बघा.

नेहमी सापडणारं सूत्र असं असतं. सी कॉलममध्ये महिन्याचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, डी मध्ये वर्षभरातले कामाचे दिवस, आणि वर्षाचे एकूण कामाचे दिवस ३०० धरलेले:

=इफ(सी२<२१०००,इफ(डी२>३०,मिन(सी२,७०००)*१२*८.३३%*डी२/३००,०))

एका ओळीच्या या सूत्रात चार दोष आहेत. एंटर दाबल्यावर एक्सेल एकाबद्दलही हूं की चूं करत नाही.

पहिले दोन तुलनेच्या चिन्हांत आहेत. बोनस प्रदान अधिनियम, १९६५ (आता त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे) प्रमाणे महिन्याचं वेतन २१,००० रुपयांपेक्षा जास्त नसलेला कर्मचारी पात्र. म्हणजे बरोबर २१,००० वाला आत आहे. सूत्रातलं ‘<’ त्याला बाहेर काढतं. तिथे ‘<=’ हवं. दिवसांचंही तसंच. वर्षात किमान ३० दिवस काम केलेलं असावं, म्हणजे बरोबर ३० भरलेला पात्र. त्यामुळे ‘>’ नव्हे, ‘>=’. मोठ्या यादीत काठावरची माणसं दोन-तीनच निघतात. एकूण बेरजेत हा फरक डोळ्यांत भरत नाही, त्या दोन-तीन घरांत मात्र भरतो.

तिसरा दोष ‘फॉल्स’चा. बाहेरच्या इफला ‘खरं असेल तर काय’ एवढंच सांगितलंय, ‘नसेल तर काय’ हे सांगायचं राहिलंय. शेवटचं शून्य आतल्या इफचं आहे. नसेल-तर सांगितलं नाही की एक्सेल तिथे ‘फॉल्स’ लिहून मोकळं होतं. आणि कॉलमची बेरीज घेणारं सम हे फंक्शन असे सेल वगळून पुढे जातं, म्हणून खालचा आकडा बघून काही कळत नाही. एकात एक इफ लिहिताना प्रत्येक इफचे तीन भाग मोजा: अट, असेल तर, नसेल तर. फॉर्म्युला बारमध्ये ऑल्ट आणि एंटर दाबून प्रत्येक इफ नव्या ओळीवर घेतला तर कुठला कंस कुणाचा हे लगेच दिसतं. ओळ तोडल्याने सूत्राला काही होत नाही.

चौथा दोष सगळ्यांत महागडा आहे, आणि तो स्प्रेडशीटचा नव्हेच.

सात हजारांचा गैरसमज

बोनसचा हिशेब ७,००० रुपयांवर करायचा, असं अनेक ऑफिसांत पाठ झालेलं असतं. २०१५च्या दुरुस्तीनंतर १९६५च्या कायद्याचे शब्द वेगळे होते: वेतन ७,००० पेक्षा किंवा त्या अनुसूचित उद्योगासाठी सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा जास्त असेल, तर या दोहोंत जे अधिक असेल तेवढंच वेतन आहे असं धरून बोनस काढायचा. ही दुरुस्ती १ एप्रिल २०१४ पासून लागू धरली गेली. त्याआधी पात्रतेची मर्यादा १०,००० आणि हिशेबाची ३,५०० होती. आकडे बदलले, ‘जे अधिक असेल’ हे शब्द मात्र पुष्कळ शीटांत पोचलेच नाहीत.

महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे (भागाप्रमाणे) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गांप्रमाणे वेगळं असतं. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. त्यामुळे हा आकडा सूत्रात कोंबण्यासारखा नाहीच.

उदाहरण घेऊ. समजा एका कामगाराचं वेतन १८,५०० आणि त्याच्या वर्गाचं किमान वेतन १३,००० आहे (आकडा मानलेला आहे, तुमच्या उद्योगाचा दर तुम्ही बघा). ७,००० वर हिशेब केला तर वर्षाचे ८४,००० आणि ८.३३ टक्क्यांनी ६,९९७.२० रुपये. १३,००० वर केला तर वर्षाचे १,५६,००० आणि बोनस १२,९९४.८०. माणूस तोच, हजेरी तीच, आणि फरक ५,९९७.६० रुपयांचा.

सूत्रात हे ‘जे अधिक असेल’ मॅक्सने (सगळ्यांत मोठा आकडा देणारं फंक्शन) येतं आणि ‘तेवढंच वेतन धरा’ मिनने (सगळ्यांत लहान आकडा देणारं) येतं. म्हणून दोन्ही लागतात, एकात एक: मिन(वेतन,मॅक्स(७०००,किमान वेतन)). मॅक्स आत, मिन बाहेर. उलट लिहिलंत तर मर्यादाच उरत नाही आणि २०,९०० वेतनवाल्याचा हिशेब पूर्ण २०,९०० वर होतो. मालकाला जास्त द्यायचं असेल तर २० टक्क्यांपर्यंत तो दर वाढवू शकतो, पण तो ठरवून घेतलेला निर्णय असावा, कंस इकडचा तिकडे झाल्याचा परिणाम नको.

आकडा दिसतो, पण आकडा नसतो

आता ज्याने सगळ्यांत जास्त वेळ जातो ते. वेतन १८,५०० स्पष्ट दिसतंय, दिवस ३०० भरलेत, तरी बोनस शून्य किंवा ‘फॉल्स’. सूत्र दहा वेळा वाचलं तरी चूक सापडत नाही, कारण ती सूत्रात नाहीच.

हजेरी यंत्रातून काढलेली फाइल, कंत्राटदाराने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली यादी किंवा वेबपेजवरून उचललेला तक्ता यांतून आकडे कित्येकदा टेक्स्ट म्हणून येतात. दिसायला तेच, पण एक्सेलच्या लेखी ते शब्द असतात. आणि तुलना करताना एक्सेल कुठल्याही शब्दाला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं समजतं. त्यामुळे टेक्स्ट असलेले ‘१८५००’ हे २१,००० पेक्षा मोठे ठरतात आणि माणूस अपात्र होतो.

दिशाभूल कशी होते पाहा. तोच सेल तुम्ही १२ ने गुणून बघितला तर उत्तर बरोबर येतं, कारण गुणाकारात एक्सेल टेक्स्टचा आकडा करून घेतं. मिनमध्ये मात्र सेलचा पत्ता दिला तर त्यातलं टेक्स्ट ते चक्क गाळतं आणि उरलेली मर्यादाच उत्तर म्हणून देतं. एकाच सेलला तीन ठिकाणी तीन वागणुकी. म्हणून ‘गुणाकार तर जमतोय’ एवढ्यावरून सेल चांगला आहे असं समजू नका.

तपासणी सोपी आहे. कॉलमच्या खाली एका सेलमध्ये =काउंट(सी२:सी६०) आणि शेजारी =काउंटए(सी२:सी६०) टाका. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेलं सगळं. दोन्ही सारखे आले नाहीत तर जेवढा फरक, तेवढे सेल टेक्स्ट आहेत. कुठले, ते शेजारच्या कॉलममध्ये =इझनंबर(सी२) ओढून कळेल.

दुरुस्तीला कॉलम निवडून डेटा टॅबमधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा आणि काही न बदलता फिनिश दाबा. बरेच सेल तेवढ्याने सुधारतात. तरी काही हटून बसले तर आकड्याच्या मागे-पुढे जागा असते. साधी जागा ट्रिम काढतं. वेबपेजवरून आलेली जागा वेगळ्या जातीची, तिचा सांकेतिक क्रमांक १६०. ती ट्रिमला जुमानत नाही. तिच्यासाठी =व्हॅल्यू(सब्स्टिट्यूट(सी२,कॅर(१६०),"")) हे चालतं (कॅर म्हणजे CHAR). मग निकाल पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज म्हणून परत सी मध्ये आणा.

रिकामा सेल याच्या नेमका उलटा फसवतो. तुलनेत तो शून्य धरला जातो, म्हणजे २१,००० पेक्षा कमी, म्हणजे पात्र! वेतन भरायचं राहून गेलेला कामगार अशा वेळी पात्र ठरतो आणि मिन त्याच्या नावावर पूर्ण मर्यादेइतका हिशेब करून ठेवतं.

सूत्र उलगडून मांडा

एका सेलमध्ये सगळं बसवण्याचा हट्ट सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. एक्सेल २००७ पासून एकात एक ६४ इफ चालतात, त्याआधी ७ चालायचे. पण चालतात म्हणून लिहायचे असं थोडंच आहे? बोनसची रक्कम कशी आली हे कामगाराला, युनियनच्या प्रतिनिधीला किंवा कामगार खात्याच्या निरीक्षकाला शीट उघडून दाखवता आलं पाहिजे.

बदलणारे आकडे आधी बाजूला काढा. के१ मध्ये २१,०००, के२ मध्ये ७,०००, के३ मध्ये ३०, के४ मध्ये बोनसचा दर, के५ मध्ये वर्षाचे कामाचे दिवस. याला व्यवहारी कारणही आहे. १९६५च्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये घेतलेल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये ३० दिवसांची अट आणि २० टक्क्यांची कमाल तीच आहे. वेतनाच्या दोन्ही मर्यादा मात्र सरकारने अधिसूचनेने ठरवायच्या आहेत. नवी अधिसूचना आली की एक सेल बदलायचा, साठ सूत्रं नव्हे.

दराच्या सेलपाशी जरा थांबा. जुन्या कायद्यात दर ८.३३ टक्के लिहिला होता, संहितेत तो आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के, म्हणजे बरोबर एक बारांश आहे. ८४,००० वर पहिल्याने ६,९९७.२० येतात, दुसऱ्याने ७,०००. तेव्हा के४ मध्ये =१/१२ लिहिणं उत्तम. आणि त्या सेलला दोन दशांश स्थळं दाखवायला सांगा. नाहीतर तिथे ‘८%’ दिसतं, कोणीतरी ते खरं मानून हाताने ८% टाइप करतं, आणि सगळ्यांचा बोनस गुपचूप कमी होतो.

मग कॉलम असे: बी मध्ये कुशल-अकुशल वर्ग, सी मध्ये वेतन, डी मध्ये दिवस, ई मध्ये त्या वर्गाचं किमान वेतन (वेगळ्या तक्त्यातून व्हीलुकअपने, म्हणजे तक्त्यात शोधून आकडा आणणाऱ्या फंक्शनने, आणि शेवटी फॉल्स देऊन, म्हणजे तंतोतंत जुळणीने). पुढे:

एफ२, वेतन मर्यादेत आहे का: =सी२<=$के$१

जी२, दिवस पुरेसे आहेत का: =डी२>=$के$३

एच२, हिशेबाचं वेतन: =मिन(सी२,मॅक्स($के$२,ई२))

आय२, बोनस: =इफ(नॉट(इझनंबर(सी२)),"तपासा",इफ(अँड(एफ२,जी२),राउंड(एच२*१२*$के$४*डी२/$के$५,०),०))

एकात एक असे दोनच इफ उरले. बाहेरचा विचारतो, वेतन हा खरोखर आकडा आहे का. नसेल तर शून्य देण्याऐवजी ‘तपासा’ म्हणतो. रिकामा सेलही इथेच अडकतो. शून्य म्हणजे ‘अपात्र’ आणि ‘तपासा’ म्हणजे ‘माहिती अपुरी’ हे दोन वेगळे निकाल आहेत, ते एकाच शून्यात मिसळू देऊ नका. याच कारणासाठी सगळ्या सूत्राला इफएरर (चूक आली तर तिच्या जागी ठरवलेला आकडा दाखवणारं फंक्शन) गुंडाळून पुढे शून्य ठेवण्याची पद्धत मला बोनसच्या शीटमध्ये मुळीच मान्य नाही. ती चूक झाकते.

डॉलरची चिन्हं विसरलात तर काय होतं? पहिल्या ओळीत काहीच नाही. दुसऱ्या ओळीत के१ चं के२ होतं, म्हणजे पात्रतेची मर्यादा २१,००० ऐवजी ७,००० होते आणि जवळपास सगळे अपात्र. आणखी खाली के चे सेल रिकामे, म्हणजे मर्यादा शून्य. ‘पहिली ओळ बरोबर, खाली सगळं शून्य’ या तक्रारीचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच. सूत्रात के१ वर कर्सर ठेवून एफ४ कळ दाबली की डॉलर लागतात.

डी कॉलममध्ये फक्त हजेरी पुस्तकातल्या सह्या मोजू नका. भरपगारी रजा, ले-ऑफचे (काम नसल्याने मालकाने तात्पुरतं घरी बसवल्याचे) दिवस, कामावर झालेल्या अपघातामुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वाचे दिवस आणि पगारी प्रसूती रजा हे सगळे कायद्याने काम केलेले दिवस धरले जातात. बाळंतपणाहून परतलेल्या बाईचा बोनस अर्धा निघाला, तर इफला दोष देण्याआधी डी बघा. हे दिवस वेगवेगळ्या कॉलमांत भरून डी मध्ये त्यांची बेरीज घेतली तर वादच राहत नाही.

अफरातफर, चोरी, मालमत्तेची नासधूस किंवा आवारात हिंसक वर्तन यांमुळे बडतर्फ झालेल्याला बोनस मिळत नाही. संहितेत लैंगिक छळाबद्दलची शिक्षाही त्यात आली. याचा इफ लिहू नका. हा निर्णय कागदपत्रं पाहून माणसाने घ्यायचा आहे. वर्षाच्या मध्येच ज्यांचं वेतन २१,००० च्या वर गेलं त्यांच्याबाबतही सी मधल्या एका आकड्यावर निकाल लावू नका. बारा महिन्यांचं वेतन वेगळं मांडा आणि कामगार कायद्याच्या सल्लागाराला विचारून ठरवा.

टप्प्यांचा बोनस: सगळ्यांना एकच रक्कम का येते

कायदेशीर बोनसाशिवाय बरेच मालक हजेरीवर टप्प्याटप्प्याने बक्षीस देतात. समजा ७५ टक्क्यांना १,०००, ८५ ला २,००० आणि ९५ ला ३,००० रुपये. हजेरीची टक्केवारी जे कॉलममध्ये आहे:

=इफ(जे२>=७५%,१०००,इफ(जे२>=८५%,२०००,इफ(जे२>=९५%,३०००,०)))

इथे ९८ टक्केवाल्यालाही १,०००च मिळतात. इफ वरून खाली जातो आणि पहिली खरी अट भेटली की तिथेच थांबतो. ९८ हे ७५ पेक्षा मोठे आहेतच, पुढचं कोणी वाचतच नाही. ‘>=’ वापरत असाल तर सगळ्यांत मोठा टप्पा आधी: ९५, मग ८५, मग ७५. इफ्स या फंक्शनलाही हाच नियम. त्यात शेवटची जोडी ट्रू,० अशी ठेवावी लागते, नाहीतर कुठल्याच टप्प्यात न बसणाऱ्याला ‘एन/ए’ची चूक येते.

‘७५ ते ८५ च्या मधले’ हे आपण वहीत लिहितो तसं ७५%<=जे२<८५% असं लिहिलं तर एक्सेल चूक दाखवत नाही, पण उत्तर नेहमी फॉल्स येतं. ते आधी डावी तुलना करून ट्रू किंवा फॉल्स काढतं आणि मग त्या शब्दाची ८५% शी तुलना करतं. मधलं काही हवं असेल तर अँड(जे२>=७५%,जे२<८५%).

टप्पे तीनापेक्षा जास्त असतील तर इफ सोडून तक्ता करा: डावीकडे ०, ७५%, ८५%, ९५% आणि उजवीकडे रकमा, मग व्हीलुकअप शेवटी ट्रू देऊन. तक्ता चढत्या क्रमानेच हवा, आणि शून्याची ओळ हवीच.

इथला एक वाद हमखास उद्भवतो. कामगार म्हणतो, माझी हजेरी ९५ टक्के दिसतेय, मग २,०००च का? ३०० पैकी २८४ दिवस म्हणजे ९४.६७ टक्के. सेल दशांशाशिवाय ठेवला की तिथे ९५% दिसतं, सूत्र मात्र ९४.६७ बघतं. नियम पूर्ण टक्क्यांवर आहे की नेमक्या आकड्यावर, हे नोटिशीत आधीच लिहा. पूर्ण टक्क्यांवर असेल तर जे मध्येच राउंड(...,२) करा, म्हणजे डोळ्याला दिसतं तेच सूत्रालाही दिसेल.

कुठे चुकतंय हे शोधताना

दुसऱ्याने लिहिलेलं लांबलचक सूत्र हातात आलं तर फॉर्म्युला बारमध्ये त्यातला एकच तुकडा, उदाहरणार्थ सी२<=$के$१ एवढाच, माउसने निवडा आणि एफ९ दाबा. तिथल्या तिथे ट्रू किंवा फॉल्स दिसेल. बघून झालं की एस्केपच दाबा. एंटर दाबलंत तर सूत्राच्या जागी ते उत्तरच कायमचं बसेल. पायरीपायरीने बघायचं असेल तर फॉर्म्युलाज टॅबमध्ये ‘इव्हॅल्युएट फॉर्म्युला’ आहे.

वेतन बदललं तरी बोनस हलत नसेल तर त्याच टॅबमध्ये कॅल्क्युलेशन ऑप्शन्स ‘मॅन्युअल’वर गेलंय का बघा. मॅन्युअलवर असलेली एखादी फाइल आधी उघडली की नंतर उघडलेल्या फाइलीही तशाच वागतात.

खरी यादी भरण्याआधी शीटच्या तळाशी खोट्या ओळी टाका आणि उत्तरं कॅल्क्युलेटरवर काढून शेजारी लिहा. किमान वेतन १३,०००, वर्षाचे ३०० दिवस आणि दर एक बारांश धरला तर २१,००० वेतन आणि ३०० दिवसांना १३,००० आले पाहिजेत, २१,००१ ला शून्य. १८,५०० वेतनवाल्याला २९ दिवसांना शून्य आणि ३० दिवसांना १,३००. रिकाम्या वेतनाला ‘तपासा’, आणि मुद्दाम टेक्स्ट केलेल्या १८,५०० लाही ‘तपासा’. यातली एक जरी ओळ जुळली नाही तर सूत्र खाली ओढू नका. सी मधलं वेतन ई मधल्या किमान वेतनापेक्षा कमी असलेली ओळ सापडली, तर ती किमान वेतनाच्या नियमांची बाब आहे, बोनस बाजूला ठेवून आधी ती मिटवा.

बोनस हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणजे ३१ मार्चला वर्ष संपत असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत. कामगारांची अपेक्षा मात्र दिवाळीची, त्यामुळे ही तपासणी गणपतीनंतर लगेच सुरू केलेली बरी. दिवाळीआधी उचल दिली असेल तर ती आय मधून परस्पर वजा न करता पुढच्या कॉलममध्ये दाखवा, म्हणजे बोनस किती आणि हातात किती हे वेगळं राहतं. बँकेला द्यायच्या फाइलीत सूत्रं नेऊ नका. राउंड झालेल्या रकमा व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा, आणि त्यांची बेरीज मूळ शीटच्या बेरजेशी रुपयाला रुपया जुळली की मगच फाइल पाठवा.